दादाचे दुर्गुण

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीला तिचा दादा 'हँडब्रेक' म्हणायचा. लहानपणी तो बाहेर निघाला की ही मागून त्याचा शर्ट मुठीत धरून उभी राहायची आणि तो दारातूनच ओरडायचा, "आई, हँडब्रेक काढ गं, गाडी हलत नाहीये!" आता ती अठरा पूर्ण झालेली, कॉलेजात जाणारी, पक्कं लायसन मिळवलेली मुलगी आहे, पण नाव काही सुटलं नाही. मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या घरात जन्म घेतला की एवढं सोसावंच लागतं. तशी ती थोडक्यात वाचली. दादाच्या मनात आधी 'सायलेन्सर' होतं, पण लहानपणी ती रडायची फार, म्हणून ते बसलं नाही.

इमारत आमची तीन मजली. तळाला स्कूल: एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि कोपऱ्यात शिकवण्यासाठी म्हणून उघडून ठेवलेलं एक जुनं इंजिन, ज्याचा उपयोग आजवर फक्त छत्र्या अडकवायला झाला. मधल्या मजल्यावर मास्तर, म्हणजे स्कूलचे मालक, त्यांची बायको आणि दोन मुलं. वर आम्ही. दारात स्कूलची गाडी. तिला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या. नवशिक्याने गाडी भिंतीकडे नेली की शिकवणाऱ्याने आपल्याकडचा ब्रेक दाबायचा, एवढी साधी सोय. मास्तरांचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्या दुसऱ्या ब्रेकपाशी दादा बसायचा.

दादा कसा होता ते आधी सांगून टाकतो, कारण नंतर लोकांनी त्याचं जे केलं ते त्याशिवाय कळायचं नाही. तो खाली बोलायला लागला की आम्हाला वर रेडिओ बंद करावा लागायचा. दुसऱ्याच्या ताटातलं बिनदिक्कत उचलून खायचा आणि वर त्यालाच विचारायचा, "मीठ कमी नाही वाटत?" माझा निळा शर्ट एका लग्नासाठी म्हणून घेऊन गेला. परत आला तेव्हा शर्टाला बटणं नव्हती आणि दादाला आठवण नव्हती. थापा अशा मारायचा की ऐकणाऱ्यालाच खरं बोलण्याची लाज वाटावी. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता आणि तो कसा तुटला याची गोष्ट दर वेळी वेगळी असायची. पण तो तुटका दात दाखवत हसला की माणूस शर्टाचं विसरून जायचा. मी विसरलो होतो.

रोज सकाळ-संध्याकाळ हा मनुष्य नवशिक्यांच्या हाती आपला जीव द्यायचा आणि गाडीत त्याला कधी साधा ओरखडा उठला नाही. गेला तो पलंगावर. ताप आला, उतरेना, हॉस्पिटलात नेला आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं.

मग समजूत घालणारे आले.

आमच्या गावात दुःख झालेल्या घरी जायचं म्हणजे लोक अगदी तयारी करून जातात. जिन्यात चपला काढेपर्यंत हसतखेळत बोलणं चालतं, आणि दाराशी पोचले की चेहरे असे उतरतात, जणू कोणी खटका दाबला. विमावाले काका म्हणाले, "इतका शांत मुलगा! मोठ्याने म्हणून कधी बोलला नाही." निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "माझा सर्वांत लाडका विद्यार्थी." या हेडमास्तरांनी दादाला वर्गाबाहेर इतक्या वेळा उभं केलं होतं की त्या व्हरांड्याच्या भिंतीला त्याच्या पाठीचा डाग होता. माझी आईही मागे राहिली नाही. "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणार नाही असा होता हो," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. निळा शर्ट तीच धुवायची.

व्यापारी मंडळाने तर कमाल केली. त्यांनी चौकात दादाचा मोठा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'आदर्श चालक, मितभाषी मार्गदर्शक'. फोटोवाल्याने आपल्या अकलेने दादाला कोट चढवला, टाय बांधला आणि कॉम्प्युटरवर त्याचा तुटका दात भरून काढला. दादा एखाद्या बँकेच्या मॅनेजरसारखा दिसत होता, तोही कर्ज न देणाऱ्या.

हँडब्रेक त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग जिन्यात मला म्हणाली, "तो चौकातला माणूस कोण आहे रे?"

"दादा आहे."

"नाही. मी त्याला ओळखत नाही. आणि हे सगळे ज्याच्याबद्दल बोलतात ना, त्यालाही नाही." ती पायरीवर बसली. "दादा एकदा गेला तेवढं पुरे होतं. आता हे रोज येऊन त्याला थोडा थोडा नेतायत. तो मोठ्याने बोलायचा ते विमावाल्यांनी नेलं. दात मंडळाने नेला. मला भीती वाटते, वर्षभराने मलाही हाच फोटोतला आठवेल."

 खरं तर मी बोलायला हवं होतं, पण बटणांबद्दल बोलणं त्या वेळी बरं दिसलं नसतं. त्या घरात ते कोणालाच बरं दिसत नव्हतं. तिची आई तर आल्यागेल्याला सांगायची की माझ्या लेकाने उभ्या जन्मात मला उलट उत्तर दिलं नाही. मास्तर काहीच सांगायचे नाहीत.

तिची दुसरी तक्रार अशी की तिला आता कोणी रागावत नव्हतं. कॉलेजात हिने प्रयोगशाळेत बाटली फोडली तर सर म्हणाले, "असू दे, बेटा." मैत्रिणी हसत असायच्या, ही आली की गप्प व्हायच्या, जणू हसणं दप्तरात लपवता येतं. घरी भाजी करपवली तरी आई मुकाट्याने खायची. कॉलेजने एक समुपदेशक बाई नेमल्या होत्या, त्यांनी तिला कागद आणि रंग देऊन सांगितलं, "मनात जे येईल ते काढ." हिने स्कूलची गाडी काढली. बाई चित्राकडे बघत राहिल्या आणि हळुवार आवाजात म्हणाल्या, "हे काळे गोल... हा अंधार कधीपासून वाटतोय तुला?"

"चाकं आहेत, मॅडम. चाकं काळीच असतात."

बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात परत बोलावलं.

दोनेक महिने स्कूल बंद होतं. पण आम्ही काही अर्धवट शिकलेले विद्यार्थी लटकून होतो, आणि आमच्या लायसनच्या परीक्षा तोंडावर आल्या होत्या. मास्तरांनी एके दिवशी गाडीवरचं कापड काढलं. पण दादाच्या जागेवर, त्या दुसऱ्या ब्रेकपाशी, बसायचं म्हटल्यावर त्यांनी दार उघडलं, आत बघितलं आणि दार लावलं. मग ते मागे जाऊन बसले आणि मुलीला म्हणाले, "तू बस पुढे." हे नियमात बसतं का ते विचारू नका. मास्तर मागच्या सीटवर बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. शिकवायचं काम हँडब्रेकचं. मास्तरांच्या शेजारी, आपली पाळी येण्याची वाट बघत, मी.

पहिल्या दिवशी गाडीवर होता गचक्या. हा बुटांच्या दुकानदाराचा मुलगा, हिच्याच कॉलेजात. क्लच सोडताना गाडीला असे गचके द्यायचा की आतल्यांची मान दुखायची, म्हणून दादानेच त्याचं हे बारसं केलं होतं. गचके सोडले तर गचक्याला स्वतःच्या ड्रायव्हिंगबद्दल फार अभिमान. विशेषतः ब्रेकबद्दल. "दादा म्हणायचा, माझा ब्रेक म्हणजे नुसतं लोणी," तो आम्हाला बजावायचा.

फर्निचरवाल्याच्या कोपऱ्यावर वळण आलं. गचक्याने आरामात पाय ब्रेकवर टेकवला आणि गाडी थांबण्याची वाट बघू लागला. गाडी थांबली नाही. तिने वळणही घेतलं नाही. ती सरळ फुटपाथवर चढली आणि तिथे विक्रीला मांडलेल्या भल्यामोठ्या सोफ्यात जाऊन रुतली. पाहुण्याला बसवावं तशी.

फर्निचरवाला दुकानातून उडी मारूनच बाहेर आला. "अरे डोळे फुटले का रे तुमचे, गाढवाच्या..." मग त्याला काचेतून हँडब्रेक दिसली. बिचाऱ्याला मधेच चेहरा बदलावा लागला. "...लागलं नाही ना, बाळांनो? सोफ्याचं काय एवढं मनावर घ्यायचं! सोफे काय, येतात आणि जातात."

"पूर्ण करा ना काका," हँडब्रेक पुटपुटली. "शिवी तरी पूर्ण करा."

गचक्या स्टिअरिंग घट्ट धरून बसला होता. "मी मारला होता ब्रेक! आईशप्पथ मारला होता! नेहमीसारखाच मारला!"

"नेहमीसारखा म्हणजे कसा? दाखव."

त्याने दाखवला. झोपलेल्या मांजराला हात लावावा तसा पाय लावला. हँडब्रेकने वाकून त्याचं पेडल बघितलं. रबरावरच्या रेघा अगदी कोऱ्या, काल बसवल्यासारख्या. मग तिने स्वतःच्या पायाखालचं पेडल बघितलं. त्यावर एक रेघ नव्हती. झिजून झिजून रबर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं.

ती सरळ होऊन बसली. "तू कधीच ब्रेक मारला नाहीयेस."

"म्हणजे?"

"दादा मारायचा. त्याच्या बाजूने. गुपचूप. आणि तुला सांगायचा, वा, काय थांबवलीस!"

गचक्याचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे मला... येतच नाही?"

"नाही."

"कधीच येत नव्हतं?"

"नाही."

मागच्या सीटवर मी माझ्या स्वतःच्या उजव्या पायाकडे बघितलं. मला दादाने 'जन्मजात ड्रायव्हर' म्हटलं होतं. ते मी घरी सांगितलं होतं आणि आई अजून नातेवाइकांना सांगते. मग लक्षात आलं की गावातल्या निम्म्या लोकांना गाडी दादाने शिकवली आहे. त्या दिवसापासून मी फुटपाथवरूनसुद्धा जपून चालतो.

गचक्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तो गाडीतून उतरला, सोफ्याला वळसा घालून हिच्या खिडकीशी आला आणि भर रस्त्यात ओरडला, "तुझा भाऊ एक नंबरचा लबाड होता!"

फर्निचरवाल्याने कपाळाला हात लावला. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"आणि बूट!" गचक्याला आता थांबता येत नव्हतं, ब्रेकचं ते असं. "दर वेळी उजव्या बुटाचा तळ झिजवून आमच्या दुकानात यायचा आणि माझ्या बाबांशी भांडायचा! म्हणे तुमचा माल खराब, डावा नीट टिकतो मग उजव्याला काय धाड भरलीय! बाबांनी दोनदा बदलून दिला! दोनदा! कारखान्याला कडक पत्र पाठवलं बाबांनी, की तुमच्या उजव्या बुटांचं काय चाललंय!"

हँडब्रेक हसली. आधी नुसती फुस्स करून, मग मोठ्याने, दादासारखी. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही. फर्निचरवाला पाण्याची बाटली घेऊन धावत आला. ती तिने गचक्याला दिली, कारण ओरडून घसा त्याचा कोरडा पडला होता.

"बोल ना," ती म्हणाली. "अजून बोल."

"काय बोलू?"

"दादाबद्दल. वाईट."

आमच्या गावातल्या प्रेमांची सुरुवात साधारणपणे वह्यांच्या देवघेवीने होते. हे एक असं सुरू झालं.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीमागच्या मोकळ्या मैदानावर खरी शिकवणी चालू झाली. हँडब्रेकने सांगून टाकलं, "मी माझा ब्रेक मारणार नाही. तुझा तू मार. दाब. अजून दाब. अरे, झुरळ मारतोस असं समज!" आणि त्याची फी अशी की गचक्याने रोज दादाचा एक दुर्गुण आणायचा. गाडी सुरू करताना ती विचारायची, "आज काय आणलंस?" भाजीचं विचारावं तसं.

"दुकानात पायाचं माप द्यायला बसला," गचक्या गिअर टाकत सांगायचा, "तर मोजा फाटका. अंगठा बाहेर. आणि सगळ्यांसमोर म्हणतो काय, हा बहिणीचा मोजा आहे, चुकून घातला."

"खोटारडा! माझे मोजे गुलाबी होते!"

"हाही गुलाबीच होता."

"माझा मोजा घेऊन गेला होता तो?" आणि ती इतकी मनापासून चिडायची की जणू दादा घरी असेल, आणि जाऊन त्याला जाब विचारता येईल.

पंधरवड्यात गचक्या केस विंचरून यायला लागला. मग बुटांना पॉलिश. मग गाडी ज्या बाजूला वळवायची त्याऐवजी तिच्या बाजूला बघायला लागला, आणि मग मला माझ्या घरच्यांची फार आठवण यायची. तिला हे कळत होतं. तीही येताना आरशात बघून यायला लागली, आणि गाडीत बसल्यावर त्याच आरशात बघून त्याला ओरडायची, "हा मागचं बघायला आहे!" पुढे प्रेम करणारे दोघं, मागे मुलीचा बाप आणि वरच्या मजल्यावरचा शेजारी. एवढं सुरक्षित प्रेम वाहतूक खात्यालाही सुचलं नसतं.

अडचण पुढेच होती. गचक्याकडचे दुर्गुण संपत आले.

दादाने त्याच्यावर कितीही अन्याय केलेला असला तरी त्याला हद्द होती. गचक्या मग गावभर हिंडून माल गोळा करायला लागला. केशकर्तनालयात गेला. तिथे दादा केस न कापता तासन्‌तास पेपर वाचत बसायचा आणि शब्दकोडं चुकीचं भरून जायचा, हे सगळ्यांना माहीत. न्हावी म्हणाला, "देवमाणूस होता." हेडमास्तरांकडे गेला, ते म्हणाले, "आदर्श विद्यार्थी." फर्निचरवाल्याने तर त्यालाच खाली बसवून पाणी पाजलं. माझ्याकडेही आला होता. मी शर्टाचं सांगितलं, पण तेवढंच होतं माझ्याकडे. सगळ्या गावाने दादा स्वच्छ धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. डाग म्हणून कुठे सापडेना.

परीक्षेच्या आदल्या सकाळी हँडब्रेक गाडीत बसली. "आज काय?"

गचक्या बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. "दादा ना... कुत्र्यांना घाबरायचा."

"कुत्र्यांना?"

"हो, म्हणजे फार. एकदा गिरणीपाशी एक कुत्रं दिसलं, तर मला म्हणाला, गाडी वळव. अगदी पांढराफटक पडला होता."

तिने दुसरा ब्रेक दाबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझं नाक पुढच्या सीटवर आपटलं.

"गल्लीतली सगळी कुत्री त्याच्या पायात झोपायची," ती म्हणाली. "हे तू आत्ता बनवलंस."

गचक्याने स्टिअरिंगवरची धूळ पुसायला घेतली.

"बोल. बनवलंस ना?"

"अगं, संपले होते माझ्याकडचे. कोणी काही सांगेना. मला वाटलं, आज काही नसलं तर तू..." त्याचं वाक्यही गचके खात होतं. "मला वाटलं तू हसशील."

"सगळे त्याला खोटं चांगलं चिकटवतात. तू खोटं वाईट चिकटवलंस. म्हणजे तू वेगळा कसा झालास? उद्या मला तो कुत्रेवाला दादाच आठवत बसला तर? मग मी कोणाला विचारायचं, खरं काय होतं?" तिचा आवाज फाटला. "उतर."

"गाडी मी चालवतोय."

"उतर!"

तो उतरला. मैदानाच्या कडेला, पॉलिश केलेले बूट धुळीत, तसाच उभा राहिला. ती सरकून स्टिअरिंगवर आली आणि आम्ही निघालो.  मी नाक चोळत बसलो होतो आणि स्वतः जरा दिसेनासं होता येईल का ते बघत होतो.

गिरणीची भिंत संपता संपता मास्तर म्हणाले, "पालीला घाबरायचा."

हँडब्रेकने आरशात बघितलं.

"कुत्र्याला नाही. पालीला," खिडकीबाहेर बघतच ते म्हणाले. "तू कुठल्याशा सहलीला गेली होतीस तेव्हाचं. एवढा घोडा झाला होता, आंघोळीच्या खोलीतून टॉवेल गुंडाळून पळत आला आणि टेबलावर चढून बसला. मला म्हणतो, बाबा, तिला सांगा जायला. मी म्हटलं, तूच सांग. तर म्हणतो, माझं ऐकत नाही ती."

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. चांगली थांबली, हळूच, माझ्या नाकाची काळजी घेऊन.

"बाबा, तुम्ही ऐकत होता?"

"बहिरा आहे का मी? रोज ऐकतोय."

"मग बोलला का नाहीत एकदाही? मी त्या गचक्याला गावभर हिंडवलं, आणि तुमच्याकडे..."

"माझ्याकडे पुष्कळ आहेत," मास्तर म्हणाले. मग थांबून, खालच्या आवाजात, "सांगून टाकले, आणि त्या पोरासारखे माझेही संपले, तर? नवीन तर काही येणार नाहीत आता."

हे ऐकून तिने काय केलं ते मी बघितलं नाही. मी उतरलो आणि समोरच्या बंद टपरीवर कोणत्या साबणाची जाहिरात आहे ते फार लक्षपूर्वक वाचलं. परत आलो तेव्हा मास्तर पुढे, दादाच्या जागेवर बसले होते, पाय आखडून. ती म्हणत होती, "आपण वाटून घेऊ ना बाबा. मला सांगितलेलं मी विसरले तर तुम्ही सांगा, तुम्ही विसरलात तर मी."

संध्याकाळी खालून आवाज यायला लागले. दादा गेल्यापासून त्या घरातून आवाज म्हणून आला नव्हता. माझी आई वरून म्हणाली, "अगं बाई, कोसळली वाटतं बिचारी," आणि चेहरा उतरवून जिना उतरली. मी मागोमाग. खालून विमावाले काका येत होते, तेही चेहऱ्यासकट. दार उघडंच होतं.

"पालीला?" हँडब्रेकची आई कमरेवर हात ठेवून नवऱ्यासमोर उभी होती. "माझा लेक? असं बोलवतं तरी कसं तुम्हाला? कशाला म्हणजे कशाला घाबरत नव्हता तो!"

"टेबलावर चढला होता. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"ते झुरळ होतं!" ती कडाडली. "पाल म्हणे! मी मारलं ते, चपलेने, मला माहीत नसणार? तुम्ही नुसते हसत होता!"

"पाल होती."

"झुरळ!"

"आई," हँडब्रेक म्हणाली, "आत्ता तर म्हणालीस कशालाच घाबरत नव्हता."

विमावाले काकांनी संधी साधली. "वहिनी, सावरा स्वतःला. इतका शांत, गुणी मुलगा..."

"जरा थांबा हो! आमचं भांडण चाललंय," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "शांत! कान किटायचे माझे!"

एवढ्यात जिन्यावर धाडधाड पाय वाजले. गचक्या. आम्हाला ढकलून दारात आला, धापा टाकत, आणि थेट हँडब्रेकला म्हणाला, "एक मिळालंय. खरं. बाबांकडून आणलंय, हवं तर त्यांना विचार."

या वेळी ती 'उतर' म्हणाली नाही.  नुसती 'सांग' म्हणून मान हलवली.

"दादा तुझ्या आईसाठी चपला घ्यायला आला होता," गचक्या घाईघाईने सांगायला लागला. "बाबांनी विचारलं नंबर काय, तर म्हणाला, नंबर माहीत नाही, पण दुकानात असेल ती सगळ्यात मोठी काढा. आईचे पाय म्हणजे होड्या आहेत नुसत्या, दोन माणसं बसून पलीकडे जातील."

"असं म्हणाला?" आईचे डोळे विस्फारले. "परक्या दुकानात? माझ्या पायांना? येऊ दे आता घरी त्याला, बघतेच कसा..."

आणि ती थांबली.

सगळेच थांबलो. विमावाले काकांनीसुद्धा तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. आईने खुर्ची ओढली आणि बसली. तिने पाय पुढे करून स्वतःच्या पावलांकडे बघितलं. हँडब्रेक तिच्याजवळ जाऊन जमिनीवर टेकली. 

"एवढे काही मोठे नाहीयेत," आई शेवटी भरल्या आवाजात म्हणाली.

"आहेत," मास्तर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा." तिने डोळे पुसले, नाक ओढलं, आणि दारातल्या गचक्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. खालपासून वरपर्यंत. "आणि तू कोण रे?"

"वि... विद्यार्थी आहे. ड्रायव्हिंगचा."

"ड्रायव्हिंगला एवढं तेल लावून केस चोपडतात?" ती लेकीकडे वळली. "कोण आहे हा? रोज सकाळी यालाच शिकवायला जातेस का गं तू? इतकी नटून?"

"मागे मी असतो," मास्तर म्हणाले.

"तुम्ही खिडकीबाहेर बघत असता! घोडी झाली आहे, अक्कल आहे का जराशी? आणि कालची भाजी! करपवून ठेवलीस ती ठेवलीस, भांडंही तसंच पालथं घातलंस! कोण घासणार ते? बोलत नाही म्हणून काहीही चालवून घेईन असं वाटलं का?"

"घासते ना! ओरडतेस कशाला?" हँडब्रेक तिच्याहून मोठ्याने ओरडली. तिचा चेहरा असा फुलला होता की माझी आई माझ्या कानात म्हणाली, "हिला काय झालं रे?"

"काही नाही," मी म्हटलं. "रागावले तिला."

हँडब्रेकच्या आईने पायाने दुसरी खुर्ची गचक्याकडे सरकवली. "उभा का आहेस खांबासारखा? बस. आणि ते होड्यांचं नीट सांग. पहिल्यापासून. त्याच्याबरोबर अजून कोण होतं दुकानात?"

गचक्या बसला आणि पहिल्यापासून सांगू लागला. दर वाक्याला तिघंही त्याला अडवत होती आणि म्हणत होती, असं नाही, तो असं म्हणालाच नसेल, तो असं म्हणाला असेल.